वाचनगृहाबद्दल एक ओळ

९ जुलै

बाबा,

अक्षर ओळखू येणार नाही, म्हणून आधीच सांगते. मी तुमची पाचर. कुठेही दोघांच्या मध्ये घुसून बसायची म्हणून तुम्ही मला हे नाव ठेवलं होतंत. तुम्ही माझं अक्षर शेवटचं पाहिलंत तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि माझ्या ओळी उताराला लागल्यासारख्या खाली घसरायच्या. आता सरळ जातात.

पत्ता आत्याने दिला. "मी दिला असं सांगू नकोस हं," असं ती तीनदा म्हणाली, म्हणजे सांगायला हरकत नसावी. आईला या पत्राचं माहीत नाही.

बातमी अशी, की मला विद्यापीठात प्रवेश मिळालाय. आपल्याच. इतिहास विभाग, पहिलं वर्ष. हे कळल्यावर आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "जगात दुसरी विद्यापीठं नव्हती का?" होती. पण मी अर्जच एका ठिकाणी केला होता.

फॉर्मवर वडिलांचं नाव लिहायची जागा होती. तिथे तुमचं पूर्ण नाव लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने ते वाचलं, शिक्का मारला आणि "पुढचा" म्हणाला. त्याने मान वर करावी असं मला वाटत होतं की करू नये असं, ते अजून ठरत नाही.

नवीन मुलांसाठी पहिल्या आठवड्यात 'परिसर परिचय' नावाचा प्रकार असतो. तिसऱ्या वर्षाचा एक उंच मुलगा आम्हा पंचवीस जणांना घेऊन फिरला. तो आमच्याकडे तोंड करून उलटा चालत होता आणि बोलत होता, त्यामुळे आमचं अर्धं लक्ष तो कशाला धडकतो याकडेच. त्याने सगळं सांगितलं. विद्यापीठ सुरू झालं तेव्हा अकरा विद्यार्थी होते, दोन शिक्षक होते आणि वर्ग धान्याच्या कोठारात भरायचे. घड्याळाच्या मनोऱ्याचा दगड नदीपलीकडून आणला. मुख्य इमारतीच्या जिन्याला एकोणपन्नास पायऱ्या आहेत. (एक्कावन्न आहेत. तुम्ही मला मोजायला लावल्या होत्यात.) मुख्य सभागृहाचे दरवाजे मूळचेच आहेत, असंही तो म्हणाला. मी बिजागऱ्यांकडे बघत उभी राहिले. त्या तुम्ही बदलल्यात तेव्हा मी खाली बसून स्क्रू धरले होते.

कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स पाडली. तिथे आता दुचाक्यांचं पार्किंग आहे. आपलं घर म्हणजे साधारण तिसऱ्या खांबापासून सातव्या खांबापर्यंत.

मग वाचनगृह आलं. त्याबद्दल तो एकच ओळ बोलला. "हे वाचनगृह, शताब्दीच्या वर्षी याचं नूतनीकरण झालं." मागून एका मुलीने पाण्याची सोय कुठे आहे ते विचारलं आणि सगळे पुढे गेले.

नूतनीकरण! बाबा, परीक्षेच्या तोंडावर, मुलांनी भरलेल्या खोलीत सज्जा कोसळला. शेवटच्या वर्षाची एक मुलगी पुस्तकांच्या कपाटांखाली सापडून गेली. ग्रंथालयातला मदतनीस जन्माचा अधू झाला. आणि सगळ्याचं खापर ज्यांच्या डोक्यावर फुटलं ते विद्यापीठाचे मुख्य सुतार, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे, ते नोकरीवरून गेले आणि नंतर घरातूनही गेले. या सगळ्याला एक शब्द.

मी तो वहीत लिहून ठेवलाय. उत्तर पाठवलंत तर विभागाच्या पत्त्यावर पाठवा, घरी नको.

पाचर


२२ सप्टेंबर

बाबा,

उत्तर आलं नाही. आत्या म्हणते, पत्र पोचलंय. "वाचलं का?" विचारलं तर म्हणाली, "वाचून घडी घातली नि खिशात ठेवलं." एवढंही मला पुरलं.

वाचनगृहात जायला मला अडीच महिने लागले. रोज दारापर्यंत जायचे आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत फिरायचे. परवा पुस्तक लागणारच होतं म्हणून गेले. सज्जा आता लोखंडी आहे, खाली आठ खांब, राखाडी रंगाचे. वर कपाटं नाहीत, नुसत्या खुर्च्या. खाली लांब टेबलं तीच. एका टेबलाच्या कडेचा मोठा टवका उडालाय. तो कुणी भरून काढला नाही. तुम्ही असता तर तुम्हाला बघवलं नसतं.

देवघेवीच्या खिडकीमागे एक काका बसतात. उठताना दोन्ही हातांनी टेबल धरतात. मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते बराच वेळ हातात धरलं.

"मिस्त्रींची तू?"

"हो."

"हनुवटी तीच आहे," म्हणाले आणि पुस्तकावर शिक्का मारला. मागे रांग होती, म्हणून मी निघाले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत परत गेले. ते डबा खात होते. मला समोरच्या स्टुलावर बसायला सांगितलं.

"त्या दिवशी सकाळी आले होते मिस्त्री," ते म्हणाले. "हातात खडू. सज्ज्याखाली, भिंतीपासून पाच हातांवर जमिनीवर रेघ ओढली, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला म्हणाले, या रेघेच्या आत कुणाला बसू देऊ नकोस. मी म्हटलं, मिस्त्री, परीक्षा डोक्यावर आलीय, मुलांना बसायला जागा नाही, नि तुम्ही रेघा कसल्या ओढताय? तर म्हणाले, ऐक माझं."

"मग?"

"मग दुपारी शताब्दीच्या प्रदर्शनाची मंडळी आली पाहणीला. त्यांना ती रेघ घाण दिसली. पुसा म्हणाले. पुसली कुणी? मी. ओल्या फडक्याने. मुलं लगेच खुर्च्या घेऊन आत सरकली. मीच सरकवल्या, खरं सांगायचं तर. तासाभराने वरून आवाज आला, आणि मी त्या रेघेच्या आतच उभा होतो."

ते पुन्हा जेवायला लागले.  मी विचारलं, तुम्ही हे चौकशीत सांगितलं होतं का. ते म्हणाले, "चौकशी झाली तेव्हा मी पाच महिने पाठीवर होतो. माझ्यापर्यंत कुणी आलं नाही. आणि आलं असतं तरी, पुसली कुणी, हा प्रश्न पहिला आला असता."

बाबा, तुम्ही ओढलेल्या रेघेचं मला कधीच माहीत नव्हतं. घरी आल्यावर आईला सांगावंसं फार वाटलं. ती कारखान्यातून येऊन पाय पसरून बसली होती. हल्ली ती हॉस्पिटलच्या गणवेशांच्या कॉलरी शिवते, दिवसाला दोनशे. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तुमचा विषय निघाला असता. तुमचा विषय निघाला की त्या निळ्या फाइलचा निघतो.

पाचर


१७ जानेवारी

बाबा,

आज चांगलं लिहिणार नाही. माझ्या मनात तुमच्याबद्दल राग आहे आणि तो झाकून लिहायचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही कागद फाडले.

आमच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेका इमारतीचा इतिहास लिहायला सांगितलाय. मी वाचनगृह मागून घेतलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, फक्त म्हणाल्या, "नक्की?" आणि दप्तरखान्यात बसायची परवानगी लिहून दिली. तळघरात आहे तो. तिथे एक हीटर आहे आणि तो दप्तरं सांभाळणाऱ्या बाईंच्या पायाशी असतो. मी चार दिवस कुडकुडत बसले. पाचव्या दिवशी चौकशीचा अहवाल हाती आला. शेहेचाळीस पानं.

एकतिसाव्या पानावर एका कागदाची नक्कल जोडलीय. "वाचनगृहातील सज्ज्याची तपासणी केली. प्रदर्शनासाठी वापरण्यास योग्य आहे." खाली तारीख, अपघाताच्या आठ दिवस आधीची. खाली तुमची सही. त्या शेपटीसकट, जी मी पाटीवर गिरवायचे.

मला वाटत होतं तुम्हाला अडकवलं. सात वर्षं मी हेच धरून बसले होते. शाळेत कुणी काही बोललं की मनातल्या मनात म्हणायचे, माझ्या बाबांनी सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. मी तुम्हाला सज्ज्याच्या तुळया ठोकताना पाहिलंय. पटाशीच्या मुठीने ठोकायचात, कान लावायचात. एकदा मलाही कान लावायला दिलात. "ऐक, पोकळ वाजतंय ना? भिंतीतलं टोक वाळवीने खाल्लंय." मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि मला कळलं होतं, बाबा. मग 'योग्य आहे' हे तुम्ही कसं लिहिलंत?

काय म्हणाले तुम्हाला? क्वार्टर सोडावं लागेल म्हणाले? की नुसतंच, मिस्त्री, एवढा एक सोहळा पार पडू द्या, मग बघू? मला माहीत आहे तुम्हाला 'नाही' म्हणायला जड जायचं. शेजारच्यांची खुर्चीसुद्धा तुम्ही जेवण टाकून दुरुस्त करून द्यायचात. पण त्या मुलीचं वय एकवीस होतं. अहवालात तिची उंची लिहिलीय, कपड्यांचा रंग लिहिलाय, तिच्या हाताखाली कुठलं पुस्तक होतं तेही लिहिलंय.

मग सही केल्यावर आठ दिवसांनी खडू घेऊन गेलात. आठ दिवस काय केलंत?

अडतिसाव्या पानावर आणखी एक वाक्य आहे. "मुख्य सुतार यांनी यापूर्वी दोन वेळा लेखी इशारा दिल्याचे सांगितले, परंतु त्याचा कोणताही पुरावा ते सादर करू शकले नाहीत." या वाक्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. आज नाही.

तुमची मुलगी


५ मार्च

बाबा,

आत्या सांगते, जानेवारीचं पत्र वाचल्यावर तुम्ही दोन दिवस कामावर गेला नाहीत. मी माफी मागणार होते. पण त्याआधी हे सांगायलाच हवं, नाहीतर माफी कुठल्या तोंडाने मागू.

ती निळी फाइल मी दिली.

आता सगळं क्रमाने लिहिते. अपघाताचा दुसरा दिवस होता. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात, त्या मुलीच्या घरच्यांबरोबर. आई कामावर गेली होती. मला शाळेला सुट्टी होती. दुपारी दार वाजलं. मालमत्ता विभागाचे साहेब होते, ते गोरेसे, हळू बोलणारे. चपला बाहेर काढून आत आले. मला फार बरं वाटलं होतं, एवढे मोठे साहेब चपला काढून आले म्हणून. म्हणाले, "बाळ, बाबांना चौकशीत त्यांचे कागद लागणार आहेत. त्यांनी मला आणायला सांगितलंय. कुठे ठेवतात ते तुला माहीत असेल ना?"

मला माहीत होतं. घरातलं सगळं मलाच माहीत असायचं. मी स्टूल ओढलं, कपाटावरून फाइल काढली, वरची धूळ फ्रॉकने पुसली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडून एक-दोन पानं पाहिली. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हुशार आहेस."

संध्याकाळी तुम्ही आलात आणि कपाटावर हात फिरवलात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. "फाइल कुठाय?" तुम्ही आईला विचारलंत. ती म्हणाली, "मला काय माहीत." तुमचा चेहरा बदलला. आदल्या आठवड्यातच ती म्हणाली होती ना, साहेबांशी वैर कशाला घेता, जाळून टाका ते कागद. तुम्ही पुन्हा विचारलंत, "जाळलीस का तू?"

आई काही बोलली नाही.

त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा मी इतका विचार केलाय की आता तो विचारसुद्धा झिजला. तेव्हा एवढंच कळलं, की मी काहीतरी भयंकर केलंय आणि कुणी माझ्याकडे बघत नाहीये. कुणी बघत नाहीये तोवर गप्प राहावं. आधी वाटलं उद्या सांगू. मग क्वार्टर सोडायची नोटीस आली. मग तुमचं दोघांचं जेवण वेगवेगळ्या वेळी व्हायला लागलं. मग एके दिवशी तुमची हत्यारांची पेटी दारात दिसली, आणि सांगायचं राहूनच गेलं.

पाचर दोन लाकडं घट्ट बसवायला मारतात, आणि ओंडका फोडायलाही मारतात. हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. यापुढे त्या नावाने सही करणार नाही.

तुम्ही सही केलीत ती केलीत. पण त्याआधी दोनदा लिहून दिलं होतंत, हे सिद्ध करायला तुमच्याकडे जे होतं ते मी घालवलं. आणि आईने काहीही जाळलं नव्हतं. एवढं तरी तिला लिहा. मी तिला सांगायला हवं, हे कळतं मला. धीर होत नाही. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही समोर नसता.


११ जुलै

बाबा,

चार महिने झाले. तुमचं उत्तर नाही आणि आत्याही आता फोनवर हवापाण्याचं बोलते. तरी लिहिते, कारण हे तुमच्याबद्दल आहे आणि ते तुम्ही दुसऱ्याकडून ऐकू नये.

या वर्षी परिसर परिचयासाठी आमच्या वर्गातली मुलं निवडली. मी नाव दिलं होतं. प्रत्येकाला एक पुस्तिका मिळाली, तीच बोलायची. अकरा विद्यार्थी, धान्याचं कोठार, नदीपलीकडचा दगड. वाचनगृहाबद्दल तीच ओळ.

सोमवारी माझ्या मागे तेवीस मुलं होती. मी उलटी चालले नाही, सरळ पुढे चालले आणि थांबून बोलले. वाचनगृहात त्यांना टेबलांपाशी बसवलं. म्हटलं, पुस्तिकेत लिहिलंय की इथे नूतनीकरण झालं. ते का करावं लागलं ते सांगते. मग सांगितलं. तुळया, वाळवी, शताब्दीचं प्रदर्शन, वर चढवलेली कपाटं, जमिनीवरची रेघ. रेघ कुणी पुसली ते सांगितलं नाही. तर खिडकीमागून आवाज आला, "मी पुसली." काका टेबलाला धरून उभे होते. सगळी मुलं वळून बघायला लागली. ते परत खाली बसले आणि कार्डं लावायला लागले.

मग मी म्हटलं, सज्जा सुरक्षित असल्याच्या कागदावर माझ्या वडिलांची सही होती. त्यांनी आधी दोनदा इशारा लिहून दिला होता, असं ते सांगत. ते कागद आता मिळत नाहीत. म्हणून तुम्ही यातलं काय खरं मानायचं ते तुम्हीच ठरवा. एका मुलीने हात वर केला. "त्या विद्यार्थिनीचं नाव काय होतं?" मी नाव सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं. बाकीच्यांनीही लिहिलं. नुसता पेनांचा आवाज.

बुधवारी कुलसचिवांचं बोलावणं आलं. तुम्हाला माहीत असेल की नाही, आता कुलसचिव तेच आहेत. मालमत्ता विभागाचे ते साहेब. केस पांढरे झालेत, बोलणं तसंच हळू. टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास.

"बस," म्हणाले. मी उभीच राहिले. "पुस्तिकेत नसलेलं तू मुलांना सांगितलंस."

"जे झालं तेच सांगितलं, सर."

"सही कुणाची होती तेही?"

"हो. माझ्या वडिलांची, असंच सांगितलं."

 हे त्यांना अपेक्षित नसावं. "मग आता तुझं म्हणणं काय आहे?"

"मला निळी फाइल हवी."

"कुठली फाइल?"

"मी स्टुलावर चढून तुम्हाला काढून दिली होती ती. तुम्ही चपला बाहेर काढल्या होत्यात."

त्यांनी ग्लासवरचं झाकण काढलं, पाणी प्यायले, झाकण परत ठेवलं. हे सगळं इतक्या सावकाश, की मला वाटलं आता ते सांगतील. "मला असं काही आठवत नाही," ते म्हणाले. "तू लहान होतीस. लहानपणीच्या गोष्टी मनात वेगळ्याच होऊन बसतात. यापुढे परिचयाचं काम तुझ्याकडे नसेल. अभ्यासाकडे लक्ष दे, गुण चांगले आहेत तुझे." मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "वडील बरे आहेत ना?"

मी "हो" म्हटलं. मला माहीत नव्हतं, बाबा.

बाहेर आले. एक्कावन्न पायऱ्या कशा उतरले ते आठवत नाही. पण एक कळलं. आठ वर्षं मी ज्या माणसाच्या नजरेला घाबरत होते त्याच्यासमोर बोलून झालं, आणि घरी जिला सांगायला हवं तिला अजून सांगितलेलं नाही.


३० जुलै

आईला सांगितलं.

रविवार होता. ती खिडकीपाशी माझ्या सदऱ्याला बटण लावत होती. मी म्हटलं, आई, ती फाइल मी दिली होती. कुणाला, कशी, सगळं सांगितलं. ती सुई घालतच राहिली. चार टाके जास्त घातले, दोरा तोडला, बटण ओढून पाहिलं.

"तू?"

"मी."

"आणि मला वाटत होतं त्यांनीच कुठेतरी लपवली आणि मला नाव ठेवलं. म्हणजे जायला कारण मिळालं." तिने सुई रिळात खोचली. "एकदा 'मला माहीत नाही' म्हणून सांगितलं होतं मी. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मनात आलं, चौदा वर्षं बरोबर राहून एकदा सांगितलेलं पुरत नसेल, तर नाहीच सांगत. बसा म्हणावं विचारत. मी हट्टाला पेटले, ते संशयाला. आणि तू दारात उभी होतीस."

"हो."

"तुला मारायला हवं होतं मी. आता मारायचं वय गेलं तुझं."

मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, सदरा घडी करून माझ्या कपाटात ठेवला आणि आंघोळीला गेली. नळ बराच वेळ चालू होता. दुसऱ्या दिवशी माझा डबा रोजच्यासारखा भरलेला होता. पण तिने तो हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. अजूनही टेबलावरच ठेवते.

मंगळवारी कामावर जाताना तिने माझ्याकडे तुमचा पत्ता मागितला. मी दिला. तिने काय लिहिलं ते मला माहीत नाही. पोस्टकार्ड होतं, म्हणजे फार लिहिलं नसावं.


२ सप्टेंबर

बाबा,

बसस्थानकावर बसून लिहितेय. आईची बस आत्ताच गेली.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि लगेच ओळखलं. वर आईचं नाव होतं. तिने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं. मी भांडी घासत होते, एकच पातेलं. बऱ्याच वेळाने तिने हाक मारली आणि कागद माझ्यापुढे धरला. "वाच. तुझ्यापासून लपवण्यासारखं काही नाही."

मी वाचलं. तुम्हाला मार्चपासून सगळं कळलं होतं, पण तिच्यापुढे कुठल्या तोंडाने यावं ते समजत नव्हतं, असं तुम्ही लिहिलंय. सही करताना क्वार्टरचा विचार मनात होता, आणि ती मुलगी अजून रोज डोळ्यांपुढे येते, हेही लिहिलंय. तिला संशयाने विचारलं त्याबद्दल लिहिलंय. चौकटी बनवायच्या कारखान्यात काम आहे, खोली दोन माणसांना पुरेल एवढी आहे. आणि शेवटी, 'ये. एकटीच ये.'

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. आई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "त्यांना वेळ लागेल." मी म्हटलं, "हो." मग म्हणाली, "मलाही लागतोय."

मी रागावले नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण नाही रागावले. मी तुमची आठ वर्षं घेतली, तिचीही घेतली. ती परत मागायला तुम्ही दोघं एकमेकांकडेच जाणार, माझ्याकडे कशाला? गेल्या वर्षी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा वाटलं होतं, सांगितलं की तुम्ही याल, तिघं एका टेबलाशी बसू. आता तसं काही मागत नाही. विद्यापीठात दोन वर्षं राहिलीत, ती पुरी करेन. वाचनगृहावरचा माझा निबंध बाईंनी ठेवून घेतलाय, छापतील की नाही ते माहीत नाही.

सकाळी बॅग भरायला मी तिला मदत केली. "दोनच दिवस, सोमवारी कामावर हजर व्हायचंय," असं ती दहादा तरी म्हणाली. मी मान डोलावत होते. मग ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा बॅगेची चेन लावताना खाली हात लागला. कपड्यांच्या तळाशी तिचा जाड स्वेटर होता, तो हिवाळ्यातला, कोपरावर रफू केलेला. अजून दोन महिने तरी त्याचं काम नाही. मी चेन लावली आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली.

बस सुटताना तिने खिडकीतून माझा हात धरला, खूप दिवसांनी. "तुला त्यांना काही सांगायचंय का?" तिने विचारलं. बस हलली, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. ते इथे लिहिते.

तिला ठेवून घ्या, बाबा.